कोरडे राहण्याची तयारी : कोकणातून स्कॉटलंडला जाताना बॅग कशी भरावी

रत्नागिरीत वर्षाला 3000 मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि एडिंबरा शहरात साधारण 700 मिलिमीटर. लेकीकडे पहिल्यांदा जायचे ठरले तेव्हा हे आकडे पाहून मी निश्चिंत झाले होते. पावसाची आपल्याला जन्माची सवय आहे, तेव्हा तयारी करायची ती फक्त थंडीची, असा हिशेब करून मी मुंबईहून गुडघ्यापर्यंत येणारा एक जाडजूड लोकरी कोट घेतला आणि त्याच्या आत आपले नेहमीचे सुती कपडे ठेवले. मे महिना होता. पश्चिम स्कॉटलंडमधल्या फोर्ट विल्यम या गावाजवळ एका सरोवराच्या काठाने चालत असताना अर्ध्या तासात ऊन, भुरभुर, वारा आणि पुन्हा ऊन असे सगळे होऊन गेले. कोट पाणी पिऊन इतका जड झाला की खांदे दुखायला लागले, चढ चढताना आलेल्या घामाने आतला सुती कुडता पाठीला चिकटला आणि थांबल्याबरोबर अंगात हुडहुडी भरली. तो कोट पुढे दोन दिवस वाळला नाही आणि दुसरा नेलेलाच नव्हता.

त्यानंतर मी आणखी दोनदा तिकडे जाऊन आले, एकदा ऑक्टोबरमध्ये आणि एकदा ऐन जानेवारीत. आता ओळखीपाळखीतले कोणी निघाले की बॅग भरण्याआधी विचारायला येतात. त्यांना जे सांगते ते येथे सविस्तर लिहीत आहे. उदाहरण स्कॉटलंडचे असले, तरी आयर्लंड, नॉर्वेचा किनारा अशा समुद्राजवळच्या, घडीघडीला हवा बदलणाऱ्या थंड प्रदेशांनाही यातले बहुतेक सगळे लागू पडेल.

हवेचा स्वभाव आधी समजून घ्यावा

आपला पाऊस उबदार असतो. जुलैत शेतावर दिवसभर भिजले तरी हवा पंचवीस-सव्वीस अंशांची असते, त्यामुळे घरी येऊन अंग पुसले की काम भागते. तिकडे तेच भिजणे आठ-दहा अंशांत होते. पाणी हवेच्या मानाने सुमारे 25 पट वेगाने उष्णता वाहून नेते, म्हणून ओला कपडा अंगाला चिकटला की शरीराची ऊब भराभर निघून जाते. त्यात वारा असला तर आणखी वाईट : तापमान 5 अंश सेल्सिअस असताना ताशी 40 किलोमीटरचा वारा सुटला, तर उघड्या त्वचेला ते शून्याच्या किंचित खाली गेल्यासारखे जाणवते. थोडक्यात, तिथली थंडी आकड्यांत फारशी भयंकर नाही. एडिंबरात जानेवारीत दुपारी साधारण 7 अंश आणि पहाटे एक-दोन अंश असतात, तर जुलैत दुपारी 19 आणि पहाटे 11 च्या आसपास. त्रास होतो तो ओल आणि वारा एकत्र आल्यावर.

अटलांटिक महासागरावरून कमी दाबाचे पट्टे एकामागोमाग एक येत राहतात आणि पश्चिमेचे वारे त्यांना जमिनीवर ढकलतात, म्हणून हवा दिवसातून अनेकदा पालटते. आपल्या सह्याद्रीसारखेच तिथेही पश्चिमेकडचे डोंगर पाऊस अडवतात. त्यामुळे पश्चिमेच्या फोर्ट विल्यममध्ये वर्षाला 2000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो आणि पूर्वेचे एडिंबरा त्या मानाने कोरडे राहते. मात्र पूर्व किनाऱ्यावर वसंतात आणि उन्हाळ्यात उत्तर समुद्रावरून गार धुके आत घुसते. तिथले लोक त्याला ‘हार’ म्हणतात. सकाळी खिडकीतून ऊन पाहून पातळ कपड्यांत बाहेर पडावे आणि अकरा वाजता रस्त्याचे दुसरे टोक दिसू नये, असे माझ्यासमोर घडलेले आहे.

म्हणून पहिली पायरी अशी : तिकीट हातात आले की जाण्याचा महिना आणि नेमक्या जागा एका कागदावर लिहाव्यात आणि प्रत्येक जागेसमोर तिथले कमाल-किमान तापमान मांडावे. शहरात राहणार, की डोंगराळ भागात आणि बेटांवर जाणार, यावर निम्मे सामान ठरते. दिवसाची लांबीही लिहून ठेवावी. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात एडिंबरात दिवस जेमतेम सात तासांचा असतो आणि दुपारी पावणेचारला सूर्य मावळतो. जूनमध्ये मात्र साडेसतरा तास उजेड असतो. हिवाळ्यात जाणाऱ्याने एक छोटी विजेरी घ्यावी, आणि उन्हाळ्यात जाणाऱ्याने डोळ्यांवर बांधायची पट्टी घ्यावी, कारण पहाटे साडेचारला लख्ख उजाडते आणि झोपेचे खोबरे होते.

अंगावरचे तीन थर

एकच जाड कपडा नेण्याऐवजी तीन पातळ थर न्यावेत, हा सगळ्या तयारीचा गाभा आहे. हवा पालटेल तसा एखादा थर काढता किंवा चढवता यावा, इतकाच त्यामागचा विचार आहे. आपल्या बायाबापड्या आणि गडी लावणीच्या वेळी हेच तर करत आले. डोक्यावरून पाठीवर बांबूच्या कामट्यांचे, पानांनी शाकारलेले इरले असायचे आणि खाली घोंगडी. इरले पाणी वरच्या वर उतरवून टाकी, पण खालून उघडे असल्यामुळे आतला घाम कोंडत नसे. घोंगडी थोडी ओली झाली तरी ऊब सोडत नसे. वरून पाणी अडवणारा आणि आतून वाफ जाऊ देणारा एक थर, आणि त्याखाली ओलसर झाले तरी गरम राहणारा दुसरा, हे तत्त्व आपल्याकडचेच आहे. तिकडे फक्त वस्तू वेगळ्या मिळतात.

अंगालगतचा पहिला थर घाम त्वचेवरून उचलून बाहेर सोडणारा हवा. येथे सुती बनियन किंवा सुती गंजी अजिबात चालत नाही, कारण सूत पाणी धरून ठेवते आणि लवकर वाळत नाही. उत्तम म्हणजे मेरिनो लोकरीचा (मेरिनो जातीच्या मेंढीची बारीक, मऊ लोकर) पातळ, अंगाला बसणारा, पूर्ण बाह्यांचा कपडा. लोकरीचा धागा स्वतःच्या वजनाच्या साधारण तीस टक्के ओलावा पोटात घेऊनही हाताला ओला लागत नाही आणि दोन-तीन दिवस वापरला तरी त्याला वास येत नाही. मेरिनो महाग असते. खिशाला परवडत नसेल तर पॉलिएस्टरचे थर्मल घ्यावेत, त्यांनी काम उत्तम होते, फक्त ते रोज धुवावे लागतात. घेताना आतल्या पट्टीवर कापडाचे प्रमाण वाचावे. ‘थर्मल’ म्हणून विकल्या जाणाऱ्या कितीतरी कपड्यांत निम्म्याहून जास्त सूत असते.

दुसरा थर ऊब धरणारा. फ्लीसचे (मऊ, लवदार कृत्रिम कापडाचे) जॅकेट किंवा घरात विणलेला लोकरी स्वेटर, दोन्ही चालतील, पण पुढून झिप किंवा बटणे असलेलेच घ्यावेत. तिकडे दुकाने, बस, घरे आतून तापवलेली असतात. बाहेरून आत शिरल्यावर डोक्यावरून स्वेटर काढण्याची कसरत दिवसातून दहा वेळा करावी लागली की माणूस तो काढायचे टाळतो, घाम येतो, आणि तोच घाम बाहेर पडल्यावर गारठवतो. पिसे भरलेली फुगीर जॅकेट वजनाला हलकी आणि अतिशय उबदार असतात. मात्र पिसे ओली झाली की चपटी होतात आणि ऊब जाते. म्हणून पावसाळी थंडीत कृत्रिम तंतू भरलेले जॅकेट मला जास्त भरवशाचे वाटते. जानेवारीत जाणाऱ्याने फ्लीसच्या जोडीला असे एक जॅकेट अवश्य घ्यावे. मे ते सप्टेंबरमध्ये जाणाऱ्याला एकटे फ्लीस पुरते.

तिसरा, बाहेरचा थर पाणी आणि वारा अडवणारा. यात सगळ्यात जास्त फसगत होते, म्हणून थोडे थांबून लिहिते. आपल्याकडचा रबरी किंवा प्लॅस्टिकचा रेनकोट पाणी अडवतो, पण आतला घामही अडवतो आणि अर्ध्या तासात माणूस आतून भिजतो. त्याउलट ‘वॉटर रेझिस्टंट’ असे लिहिलेली जॅकेटे फक्त भुरभुर झेलतात. ‘वॉटरप्रूफ’ (पाणी आत न येऊ देणारे) आणि ‘ब्रीदेबल’ (आतली वाफ बाहेर सोडणारे) असे दोन्ही शब्द पट्टीवर असावेत. पाण्याचा दाब सोसण्याची क्षमता मिलिमीटरमध्ये दिलेली असते, ती 10000 किंवा अधिक असलेली पाहावी. मग जॅकेट उलटे करून शिवणी तपासाव्यात : प्रत्येक शिवणीवर आतून पट्टी चिकटवलेली असली पाहिजे. सुईच्या भोकांतून पाणी कसे शिरते, हे जुन्या छत्रीखाली उभे राहिलेल्या कोणालाही वेगळे सांगायला नको. डोक्यावरचे टोपडे दोरीने आवळता येणारे असावे आणि मान वळवली की त्याने सोबत वळावे. माप एक नंबर मोठे घ्यावे, म्हणजे आत दोन थर सहज मावतील.

छत्री नेऊ नये असे मी म्हणणार नाही, पण तिच्यावर विसंबू नये. तिथल्या वाऱ्यात ती उलटते.

विकत घेतल्यावर घरीच परीक्षा घ्यावी

हे सामान रत्नागिरी, चिपळूण किंवा कणकवलीत सहजी मिळत नाही. पुणे, मुंबई किंवा कोल्हापुरात गिर्यारोहणाचे साहित्य विकणाऱ्या दुकानांत जावे लागते. निदान दीड महिना आधी खरेदी करावी, कारण नंतरची परीक्षा महत्त्वाची आहे. पावसाळा चालू असेल तर नवे जॅकेट आणि नवे बूट घालून एक दिवस आंबोलीला जावे. तिथला जुलैतला पाऊस आणि घाटातला वारा अंगावर घेऊन तासभर चालले की कुठून पाणी शिरते, ते लगेच कळते. पावसाळा नसेल तर न्हाणीघरात जॅकेट घालून दहा मिनिटे शॉवरखाली उभे राहावे आणि नंतर आतल्या कपड्याचे खांदे, मनगटे आणि मान हाताने चाचपून पाहावी. थंडीची परीक्षा दापोलीला होते. डिसेंबर-जानेवारीत तिथे पहाटे पारा कधी कधी 10 अंशांच्या आसपास उतरतो. तशा पहाटे तिन्ही थर घालून फेरफटका मारावा. दहा पावलांत उकडायला लागले तर चांगलेच. जागेवर उभे राहून गार वाटले, तर मधला थर वाढवावा.

कपाटातले जुने स्वेटर काढताना एक गोष्ट विसरू नये. आपल्या दमट हवेत लोकरीला बुरशी लागते आणि कसरही पडते. उन्हात उलटा करून, बगलेजवळ आणि गळ्याशी नीट पाहून मगच तो बॅगेत जावा.

पायांकडे दुर्लक्ष करू नये

आपल्याला वर्षभर चपलांची सवय, त्यामुळे बंद बूट नवे घेतले जातात आणि विमानात पहिल्यांदा चढवले जातात. यापेक्षा मोठी चूक नाही. बूट घेताना संध्याकाळी, पाय किंचित सुजलेले असताना, जाड मोजे घालून मापून घ्यावेत आणि निघण्यापूर्वी किमान तीन आठवडे रोज तासभर घालून चालावे. बुटाला आतून जलरोधक पडदा असावा आणि तळाला खोल खाचा असाव्यात. एडिंबरातल्या जुन्या भागातले दगडी रस्ते पावसात आपल्या शेवाळलेल्या पाखाडीइतकेच निसरडे होतात.

मोजे लोकरीचे किंवा लोकरमिश्रित घ्यावेत, चार जोड. एक जोड नेहमी हातातल्या पिशवीत, प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवावा. दिवसाच्या मध्यात पाय ओले झाले, तर कोरडे मोजे चढवल्याबरोबर उरलेला दिवस सुधारतो, हे मी स्वतः अनुभवले आहे. घरात घालायला सपाता न्याव्यात.

साडी नेसणाऱ्यांसाठी

ऑक्टोबरच्या फेरीत सासूबाई सोबत होत्या. वय 74, आणि साडी सोडून दुसरे काही नेसणार नाही हा त्यांचा निर्णय होता, जो मला मान्यच होता. पहिल्या दिवशी एडिंबराच्या जुन्या भागातल्या रॉयल माइल या रस्त्यावरून उतरताना मी त्यांच्या पायांकडे पाहिले तेव्हा सुती परकराचा काठ वीतभर ओला होऊन घोट्यांना लपेटला होता आणि टाचांजवळची कातडी पांढरी पडली होती. त्या काही बोलल्या नव्हत्या. संध्याकाळी लेकीने आणि मी मिळून त्यांचा वेश बदलला, तो पुढे सगळ्यांनाच उपयोगी पडला.

सुती परकराच्या जागी आत थर्मलची लेगिंग आणि त्यावर साटिन किंवा पॉलिएस्टरचा, नेहमीपेक्षा चार बोटे आखूड परकर. साडी सुती किंवा जड काठापदराची न नेता सिंथेटिक, घडी न मोडणारी. ती भिजली तरी तासाभरात वाळते. नेसताना घोट्याच्या वर ठेवावी. ब्लाउजखाली पूर्ण बाह्यांचा, अंगाच्या रंगाचा थर्मल घालावा. पदर खांद्यावर पिनेने पक्का करून त्यावर पुढून उघडणारा स्वेटर आणि सगळ्यांवर मांड्यांपर्यंत येणारे जॅकेट. पायांत मोजे आणि बूट. सुरुवातीला त्यांना साडीखाली बूट नकोसे वाटले, पण दुसऱ्या दिवशी त्या आपणहून बूट मागू लागल्या. शाल न्यावी, पण बाहेर फिरताना ओढून घेण्यासाठी तिचा उपयोग कमी, कारण वारा ती अंगावर राहू देत नाही. घरात आणि विमानात मात्र तिच्यासारखे दुसरे काही नाही.

वयस्कर माणसांना गार लागल्याचे उशिरा समजते. त्यांच्या हातमोजांची एक जास्तीची जोडी आणि कान झाकणारी टोपी आपण आपल्या पिशवीत ठेवावी.

किती न्यावे

दहा दिवसांसाठी एका माणसाला पहिल्या थराचे तीन संच, दुसऱ्या थराचे दोन, बाहेरचे जॅकेट एक, लवकर वाळणाऱ्या कापडाच्या दोन विजारी, पावसात वरून चढवायची एक पातळ विजार, टोपी, मफलर, हातमोजे, झोपायचे कपडे आणि रोजचे अंतर्वस्त्र इतके पुरते. जीन्स एकच न्यावी, न नेली तर उत्तम. ती भिजली की दीड दिवस वाळत नाही. जास्त दिवस राहणार असाल, तरी कपडे वाढवू नयेत. घरोघरी कपडे धुण्याचे यंत्र असते. लोकरी कपडे मात्र गार पाण्यात हाताने धुवावेत, न पिळता टॉवेलमध्ये गुंडाळून दाबावेत आणि आडवे पसरून वाळवावेत. गरम पाण्यात लोकर आक्रसते.

पश्चिमेच्या डोंगराळ भागात मे ते सप्टेंबरमध्ये जाणाऱ्यांनी डोक्यावरून घ्यायची बारीक जाळी न्यावी. तिथे ‘मिज’ नावाची चिलटांहून बारीक माशी वारा पडला की थव्याने चावते.

तेल, औषधे, त्वचा

तापवलेल्या खोल्यांतली हवा कोरडी असते आणि आपली दमट हवेत वाढलेली त्वचा दोन दिवसांत तडकू लागते. खोबरेल तेल साधारण 24 अंशांच्या खाली गोठते, म्हणून अरुंद तोंडाच्या बाटलीत नेल्यास ते बाहेर येणारच नाही. रुंद तोंडाच्या छोट्या डबीत न्यावे. ओठांसाठी आणि टाचांसाठी आपल्या कोकमतेलाचा एक गोळा न्यावा. ते मुळातच घट्ट असल्यामुळे सांडत नाही, आणि भेगांवर त्याइतका गुण मला दुसऱ्या कशाचा आलेला नाही.

नेहमीची औषधे पूर्ण दिवसांची, शिवाय आठवडाभराची जास्त, मूळ पाकिटांत आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसह हातातल्या बॅगेत ठेवावीत. मोठी बॅग उशिरा आली, तर रक्तदाबाची गोळी थांबून चालत नाही.

खाण्याच्या वस्तू

कोकणी घरातून खाऊ बांधल्याशिवाय कोणी निघत नाही, म्हणून नियम आधी समजून घ्यावेत. भारतातून ब्रिटनमध्ये मांसाचे आणि दुधाचे पदार्थ स्वतःच्या वापरासाठीही नेता येत नाहीत. तूप, पेढे, खव्याच्या वड्या घरीच ठेवाव्यात. सुके खोबरे तेलकट असल्यामुळे आपोआप पेट घेऊ शकणारा माल समजले जाते, म्हणून खोबऱ्याच्या वाट्या सामानात घालू नयेत. लोणचे केबिनच्या बॅगेत चालत नाही. ते न्यायचेच असेल, तर घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिकच्या बरणीत, दोन पिशव्यांत बांधून मोठ्या बॅगेच्या मध्यभागी कपड्यांत ठेवावे.

न्यावे ते कुळथाचे पीठ, आमसुले, मालवणी मसाला आणि मेतकूट. बाहेरून गारठून आल्यावर कुळथाची पिठी दहा मिनिटांत होते, आणि तिकडच्या थंडीत ती इथल्यापेक्षाही गोड लागते. प्रत्येक पाकिटावर आत काय आहे ते इंग्रजीत ठळक लिहावे.

बॅग भरण्याचा क्रम

आधी तिकिटावरचे वजन पाहावे. मोठ्या बॅगेला अनेकदा 23 किलो आणि हातातल्या बॅगेला सात-आठ किलो मुभा असते, पण प्रत्येक तिकिटाचे वेगळे असू शकते. घरी ताणकाटा असेल तर बॅग त्याला अडकवून मोजावी आणि परतीसाठी तीन किलो मोकळे ठेवावेत.

बॅगेला आतून एक मोठी, जाड प्लॅस्टिकची पिशवी लावावी आणि सगळे कपडे तिच्यात भरावेत. पावसाळ्यात स्टेशनवर उतरवताना किंवा विमानाशेजारी गाडीवर बॅग उघड्यावर राहिली, तरी आतले कोरडे राहते. तळाला, चाकांच्या बाजूला, बूट आणि जड पाकिटे. बुटांच्या पोकळीत मोजे भरावेत. मध्ये गुंडाळ्या केलेले कपडे. सगळ्यात वर एक पूर्ण संच, म्हणजे तिन्ही थर, टोपी आणि मोजे, वेगळ्या पिशवीत. पोहोचल्या दिवशी रात्री सगळी बॅग उपसावी लागत नाही.

जॅकेट आणि फ्लीस मात्र मोठ्या बॅगेत घालू नयेत. रत्नागिरीच्या उकाड्यात ती अंगावर घालवत नाहीत, हे खरे. ती हातातल्या बॅगेच्या पट्ट्यात अडकवावीत आणि जमल्यास सगळ्यात जड वस्तू म्हणून बूट पायांत घालावेत. मोठी बॅग चुकून दुसरीकडे गेली, तरी उतरल्यावर अंगावर घालायला आपल्याजवळ असते. केबिनच्या बॅगेत द्रव वस्तू 100 मिलिलिटरपर्यंतच्या बाटल्यांत ठेवाव्यात. पॉवर बँक तर केबिनमध्येच न्यावी लागते, मोठ्या बॅगेत ती चालत नाही. ब्रिटनमधल्या विजेचा दाब आपल्यासारखाच 230 व्होल्ट आहे, पण भोके चौकोनी तीन पिनांची असतात, म्हणून फक्त जोडणी बदलणारा ॲडॅप्टर लागतो. दोन घ्यावेत.

कागदपत्रांच्या छायाप्रती जलरोधक पाकिटात, मूळ कागदांपासून वेगळ्या बॅगेत ठेवाव्यात.

परत आल्यावर

तिकडून परतल्यावर बॅग तशीच माळ्यावर टाकू नये. लोकरी कपडे धुऊन, दोन दिवस खडखडीत उन्हात वाळवून, पूर्ण थंड झाल्यावरच झाकणाच्या डब्यात किंवा हवा न शिरणाऱ्या पिशवीत ठेवावेत. सोबत सुकवलेला कडुनिंबाचा पाला जुन्या साडीच्या तुकड्यात बांधून टाकावा. जलरोधक जॅकेट घडी न घालता टांगून ठेवावे, कारण घडीच्या रेघांवर आतला लेप सुटतो. बुटांत वर्तमानपत्राचे बोळे भरावेत आणि मृगाच्या आधी एकदा काढून पुन्हा उन्हात धरावेत. आमच्याकडचे हे सामान आता घरच्या चौघांनी आणि शेजारच्या दोघांनी वापरले आहे. प्रत्येक वस्तूच्या आत एक चिठ्ठी असते, त्यावर माप आणि शेवटची परीक्षा कधी घेतली ती तारीख. नेणाऱ्याने निघण्याआधी पुन्हा न्हाणीघरात दहा मिनिटे उभे राहून ती तारीख बदलायची असते.